मदत हवी आहे : वडिलांच्या ‘जनता’ घड्याळाच्या काचेवरील ओरखडे घरच्या घरी काढता येतील का?

नमस्कार.

मी मालवण तालुक्यात राहतो. माझे वडील जवळजवळ तीस वर्षे चिरेखाणीवर मुकादम होते आणि त्या साऱ्या काळात त्यांच्या मनगटावर एकच घड्याळ होते : एचएमटीचे ‘जनता’, रोज सकाळी चावी द्यावी लागणारे. गेल्या महिन्यात त्यांच्या दुसऱ्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर आठवड्याभराने त्यांनी कपाटातून ते घड्याळ काढले, खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “डोळ्यावरची साय गेली, पण घड्याळावरची तशीच रवली.” घड्याळ उत्तम चालते, दिवसाला मिनिटभराच्या आतच मागेपुढे होते, परंतु काचेवर इतके बारीक ओरखडे आहेत की उजेड तिरका पडला तर काटे दिसतच नाहीत.

काच बदलून घेऊ असे मी सुचवले होते. मूळ काच शक्य असेल तोवर राहू द्यावी, असे त्यांचे म्हणणे आहे आणि मला ते मोडवत नाही. म्हणून हा प्रश्न आपणांसमोर ठेवत आहे.

ही काच खऱ्या काचेची नसून ॲक्रिलिकची आहे, अशी माझी जवळजवळ खात्री झाली आहे. नखाने टिचकी मारली तर खणखणीत आवाज येत नाही, बद्द येतो. आणि ओठाला लावून पाहिले तर काचेसारखा गारवा जाणवत नाही. माझ्या स्वतःच्या सेलवर चालणाऱ्या घड्याळाची काच मात्र खरी आहे. मागे रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मासेमारीचे मोठे जाळे) ओढायला हात लावला तेव्हा ते घड्याळ ओल्या वाळूवर घासले गेले आणि त्याच्यावरही दोन ठळक ओरखडे उठले.

आतापर्यंत मी एवढेच केले आहे. वडिलांच्या घड्याळाच्या केसला (बाहेरच्या धातूच्या कवचाला) काचेच्या कडेपर्यंत कागदी चिकटपट्टी लावली, कारण केस पितळेची असून वरचा क्रोमचा मुलामा आधीच दोन ठिकाणी विरला आहे. मग साधी पांढरी टूथपेस्ट सुती फडक्यावर घेऊन दहा मिनिटे हलक्या हाताने गोल गोल घासली. अगदी बारीक रेषांचे जाळे पुष्कळ कमी झाले, मात्र चारच्या आकड्याजवळचे दोन खोल ओरखडे, ज्यांत नख अडकते, जसेच्या तसे राहिले. हाच प्रयोग माझ्या घड्याळावर अर्धा तास केला, तर तिथे काहीच फरक पडला नाही.

आणखी एक गोष्ट घडली, जिचा अर्थ मला नीट लागलेला नाही. आईच्या हाताला खोबरेल तेल लागलेले असताना तिने घड्याळ उचलले आणि जिथे तिचा अंगठा लागला तिथले सगळे ओरखडे एकदम नाहीसे झाले. पुसल्यावर ते परत दिसू लागले. मी मुद्दाम संपूर्ण काचेवर तेलाचा थर देऊन पाहिला, तेव्हा बाराच्या आकड्याखालचा एक धुरकट डाग तेवढा कायम राहिला, बाकी काच नव्यासारखी दिसली.

नख अडकणारे ओरखडे काढण्यासाठी वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा घासकागद) वापरावा, असे वाचले आहे. पण तो कोणत्या नंबरपासून सुरू करावा आणि काच किती झिजू द्यावी, याचा अंदाज मला नाही. शिवाय सध्या आमच्याकडे धो धो पाऊस आहे, घरात मिठाच्या बरणीलाही पाणी सुटते. अशा हवेत घड्याळ उघडणे योग्य ठरेल, की न उघडता वरूनच काम करावे? कुणी स्वतः हे केले असल्यास कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १

आपण घाई न करता आधी विचारले हे फार चांगले केले. मी रत्नागिरीत माझ्या आणि नातेवाइकांच्या जुन्या घड्याळांवर हे काम अनेकदा केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

तेलाच्या गोष्टीत आपल्या बहुतेक प्रश्नांचे उत्तर आहे. ओरखडा दिसतो तो त्याच्या खडबडीत कडांवर उजेड विखुरतो म्हणून. खोबरेल तेल आणि ॲक्रिलिक हे दोन्ही प्रकाशाला जवळपास सारखेच वळवतात (तेलाचा अपवर्तनांक सुमारे १.४५, ॲक्रिलिकचा १.४९), त्यामुळे तेलाने भरलेली खाच डोळ्याला वेगळी कळत नाही. याचा अर्थ असा, की तेलाखाली जे नाहीसे झाले ते सगळे काचेच्या बाहेरच्या पृष्ठभागावर आहे आणि घासून जाण्यासारखे आहे. जो डाग राहिला तो आतल्या बाजूचा आहे आणि वरून कितीही घासले तरी जाणार नाही.

आता खोल ओरखड्यांविषयी. ८०० नंबरच्या वॉटर पेपरपासून सुरुवात करावी, मग १०००, १५०० आणि २००० असे चढत जावे; नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. कागद पाण्यात भिजवून झटकून घ्यावा, तो ओलसर असावा, निथळणारा नसावा, कारण या जुन्या घड्याळांत काचेच्या सांध्यातून आणि चावीच्या भोकातून पाणी आत जाऊ शकते. चावीवरही पट्टी लावावी. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा बदलावी, म्हणजे आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण गेले की नाही ते आडव्या-उभ्या रेषांवरून लगेच समजते. ते पूर्ण गेल्याशिवाय पुढच्या कागदाला हात लावू नये. माझ्या पाहण्यात बहुतेकांचे काम इथेच फसते : घाईने २००० वर जातात आणि शेवटी चकाकी आल्यावर ८०० च्या रेषा खालून दिसू लागतात. केवळ ओरखड्याच्या जागीच घासू नये, नाहीतर तिथे खळगा पडतो आणि त्यातून आकडे वाकडे दिसतात. काचेचा संपूर्ण फुगीर घुमट सारखा उतरवावा.

८०० च्या कागदाने काच पांढरीफटक होईल. त्याने घाबरून जाऊ नये. २००० नंतर ब्रासो (धातू चकाकवण्याचे पॉलिश) किंवा पॉलीवॉच (घड्याळाच्या ॲक्रिलिक काचेसाठीचे पॉलिश) मऊ सुती कापडावर घेऊन दोन-दोन मिनिटांच्या टप्प्यांनी घासले की ती पुन्हा पारदर्शक होते. ड्रिलला बफ लावून काम उरकण्याचा मोह टाळावा, कारण घर्षणाच्या उष्णतेने ॲक्रिलिक मऊ पडते आणि त्यावर लाटा उठतात.

आपल्या दुसऱ्या घड्याळाचे गणित निराळे आहे. कठीणपणा मोजणाऱ्या मोह्सच्या मापावर ॲक्रिलिक साधारण ३, खिडकीच्या काचेसारखी काच साडेपाचच्या आसपास, वाळूतले गारगोटीचे कण ७ आणि महागड्या घड्याळांतली नीलमकाच ९. म्हणून किनाऱ्यावरची वाळू आपल्या काचेला ओरखडा पाडू शकली, टूथपेस्ट मात्र तिला खरवडू शकली नाही. अशी काच सेरियम ऑक्साइड (काच चकाकवण्याची भुकटी) आणि नमद्याच्या चकतीने घासतात, पण ठळक ओरखडा जाईपर्यंत तासन् तास जातात. ती काच बदलणेच स्वस्त पडेल.

घड्याळ आता उघडू नये. पावसाळ्यात उघडले तर दमट हवा आत कोंडली जाते आणि गारवा आला की काचेच्या आतून दव धरते. काट्यांना आणि स्क्रूंना त्यानेच गंज चढतो. आतला डाग दिवाळीनंतर, कोरड्या हवेत पाहावा.

प्रतिसाद २

वरील माहितीला एकच पुस्ती जोडतो. चिकटपट्टीचा गोंद काढण्यासाठी थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश काढण्याचे द्रावण किंवा स्पिरिट अजिबात वापरू नये. ॲक्रिलिकवर त्यांनी केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि त्या कोणत्याही पॉलिशने जात नाहीत. खोबरेल तेलाने गोंद सुटतो. नंतर साबणाच्या ओलसर फडक्याने पुसावे.

धागालेखक

दोघांचेही मनापासून आभार. रविवारी हे काम पूर्ण केले, आणि पुढे कुणाला उपयोगी पडावे म्हणून इथे नोंदवतो.

८०० ऐवजी मी १००० पासून सुरुवात केली, कारण काच जास्त झिजण्याची भीती वाटत होती. त्यामुळे वेळ दुप्पट गेला. पहिल्या कागदालाच पाऊण तास लागला. काच पांढरी झाली तेव्हा, आधी सांगून ठेवलेले असूनही, छातीत धस्स झाले. दिशा बदलण्याची सूचना फार मोलाची ठरली, १५०० वर गेल्यानंतर आडव्या रेषा दिसल्या म्हणून एकदा मागे यावे लागले. शेवटी ब्रासोच्या चौथ्या फेरीत आकडे स्वच्छ दिसू लागले. चारजवळच्या दोन ओरखड्यांपैकी एक पूर्ण गेला. दुसऱ्याची पुसट रेघ उरली आहे आणि ती मी मुद्दाम सोडली, कारण तिथली काच आणखी पातळ करण्याची हिंमत झाली नाही.

बाराखालचा डाग अर्थातच आहे. काच समोरून काढण्याची पंजासारखी पकड मिळते असे समजले. ती दिवाळीनंतर आणून आतली बाजू पुसावी, की इतक्या वर्षांची काच दाबाखाली तडकण्याचा धोका पाहता मागचे झाकण उघडून मशीन बाहेर काढणे अधिक सुरक्षित होईल? मशीन काढण्याचे काम मी स्वतः करणार नाही, ते कणकवलीच्या कारागिरांकडे सोपवीन. पण त्यांना नेमके काय सांगावे, हे जाणकारांनी सुचवावे. तोवर वडिलांनी घड्याळ घालायला सुरुवात केली आहे.