मदत हवी आहे : उपग्रहाच्या आकड्यांत दिसतोय तो भोवरा की लाट?

नमस्कार. वणी तालुक्यातल्या, वर्धा नदीकाठच्या गावातून लिहिते आहे. एमएस्सी भौतिकशास्त्राचं शेवटचं वर्ष, आणि प्रकल्पाला बंगालच्या उपसागरातले छोटे भोवरे घेतलेत. समुद्र अजून पाहिलेला नाही. पण पुरात पुलाच्या खांबामागे सुटणारे भोवरे लहानपणापासून पाहत आले, तिथूनच हा विषय मनात बसला.

जुने उपग्रह थेट खालच्या एका रेषेवरचीच पाण्याची उंची मोजत, त्यामुळे लहान भोवरे दोन रेषांमधून निसटत. डिसेंबर 2022 मध्ये सोडलेला नासा आणि फ्रान्सचा स्वॉट दोन्ही बाजूंचे 50-50 किमीचे पट्टे पाहतो. त्याची 2 किमी जाळीची माहिती घेतली. 15 अंश उत्तरेजवळ साधारण 20 किमी रुंद, मध्यभागी 4 सेंमी खोल असा खळगा दिसतो. पण उतारावरून प्रवाह काढला की सेकंदाला 1 मीटर येतो! एवढ्याशा भोवऱ्याला हा वेग पटत नाही.

दुसरी शंका जास्त छळते. अंदमानकडून पाण्याच्या थरांमधून अंतर्गत भरतीच्या लाटा येतात, त्यांचाही पृष्ठभागावर असाच काही सेंटीमीटरचा ठसा उमटतो. उपग्रह त्याच जागी परततो 21 दिवसांनी, तोवर खळगा राहतोच असं नाही. भोवरा पाण्याच्या रंगातून कळेल म्हणून भारताच्या ओशनसॅट-3 उपग्रहाचं समुद्रातल्या हरितद्रव्याचं चित्र पाहिलं, तर पावसाळी ढगांनी सगळं झाकलेलं. भोवरा आणि लाट वेगळे कसे ओळखायचे? पुढच्या महिन्यात सादरीकरण आहे.

प्रतिसाद :
ताई, वेगाचं आधी. इतक्या लहान भोवऱ्यात केंद्रोत्सारी बल सोडून चालत नाही. उतार × गुरुत्वप्रवेग = कोरिऑलिस (पृथ्वीच्या फिरण्यामुळे प्रवाहाला वळवणारा परिणाम) + वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, असं मांडून बघा. तुमच्याच आकड्यांनी वेग अर्ध्याच्याही खाली, 0.46 मीटरवर येतो. उंचीचे आकडे आधी थोडे गुळगुळीत करा, नाहीतर उतार काढताना मोजणीतला गोंगाट (बारीक चुका) फुगतो.
लाटेसाठी 2023 च्या एप्रिल ते जुलैच्या सुरुवातीपर्यंतची माहिती उघडा. तेव्हा स्वॉट रोज त्याच मार्गावरून जात होता. भोवरा दुसऱ्या दिवशी जवळपास तिथेच, बंद गोल आकारात सापडतो. लाटेचे समांतर पट्टे मात्र रोज सरकलेले दिसतात. तो रोजचा मार्ग तुमच्या भागातून जातो का, ते आधी नकाशावर तपासा.

धागाकर्ती :
दादा, 0.46 आलं! खूप आभार. मार्गाचा नकाशा आज रात्री उतरवते, गावात नेट तेव्हाच नीट चालतं.