पॅडल तळाला गेलं तेव्हा (अनुभव धागा)

धागाकर्ता, होटगी रोड

माझी मारुती आठशे १९९८ची. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत सात रस्त्याला सिग्नलला उभा होतो. पाय ब्रेकवर, आणि पॅडल हळूहळू खाली चाललंय. गाडी इंचाइंचाने पुढच्या रिक्षाकडे सरकतेय. पाय उचलून पुन्हा दाबला तर ब्रेक एकदम कडक! वाटलं, आपल्यालाच भास झाला.

बॉनेट उघडलं तर ब्रेक ऑइलची बाटली काठोकाठ. चारही चाकं कोरडी. घराजवळच्या गॅरेजवाल्याने "ब्रेकच्या लाइनमध्ये हवा धरलीय" म्हणून ती काढून दिली. दोन दिवस बरे गेले, नंतर पॅडल आधीपेक्षाही लवकर बसायला लागलं. शेवटी अक्कलकोट रोडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने गाडीला हातही न लावता सांगितलं, "इंजिन चालू ठेवा, पॅडल एकदाच दाबा आणि तसंच धरा." मिनिटभरात पॅडल तळाला टेकलं. मास्टर सिलेंडरच्या (पॅडलचा दाब ऑइलवर देतो तो) आतला रबरी कप गेलेला. ऑइल बाहेर गळतच नव्हतं, कपाला वळसा घालून आतल्या आत परत बाटलीत जात होतं. मग बाटली रिकामी होणार कशी? सिलेंडरच नवा टाकला.

तुमचे असे किस्से असतील तर लिहा. विशेषतः आधी भलतंच दुरुस्त केलं असेल तर ते नक्की.

जुळे सोलापूर

आमचं कारण लाजिरवाणं आहे. तुळजापूरहून दर्शन करून पाच जण परत येत होतो. वडिलांची जुनी सवय, उताराला गाडी न्यूट्रल करायची, पेट्रोल वाचतं म्हणून. घाटभर ब्रेकवर पाय. शेवटच्या वळणांच्या आधी जळका वास आला आणि पॅडल लोण्यासारखं मऊ. भराभर पंप मारले, जेमतेम पकडला. गिअर खाली आणत दुसऱ्यात घातली, हँडब्रेक थोडा थोडा ओढला आणि कडेच्या मुरमात नेऊन उभी केली. आई तोवर "अंबाबाई, अंबाबाई" करत होती.

अर्ध्या तासाने ब्रेक एकदम ठणठणीत! दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये काहीच सापडेना. ऑइल शेवटचं कधी बदललं, हे विचारल्यावर आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) नवं असताना २०५ अंशांच्या वर उकळतं, पाणी मुरलं की मर्यादा १४० वर येते. घाटात तापलं की आतच वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पॅडल मऊ. थंड झालं की वाफेचं पुन्हा पाणी, आणि गाडी साळसूद. काढलेलं ऑइल चहाच्या रंगाचं होतं. आता दर दोन वर्षांनी बदलतो. न्यूट्रलवरून मात्र घरात अजून वाद होतो.

विजापूर रोड

माझ्या बाबतीत उलटं. पॅडल खाली जायचं सोडा, हलेचना. सकाळी गाडी मागे घेताना दगडावर पाय ठेवल्यासारखं झालं आणि तुळशीवृंदावनाचा कोपरा गेला. (सासूबाईंनी पंधरा दिवस ऐकवलं.) ब्रेक दाबला की डॅशबोर्डखालून सूंऽऽ असा आवाज यायचा, तो मी एसीचा समजत होते.

बूस्टरला (ब्रेक दाबायला मदत करतो तो डबा) इंजिनकडून जाणारा रबरी पाइप वाकतो तिथे उन्हाळ्याने तडकला होता. घरी बघायची सोपी रीत: इंजिन बंद असताना पाच-सहा वेळा ब्रेक दाबायचा, कडक झाला की पाय तसाच ठेवून गाडी चालू करायची. पॅडल किंचित खाली गेलं तर बूस्टर ठीक. माझं जागचं हललं नाही. पाइप बदलला, काम झालं. वृंदावनाचा खर्च पाइपपेक्षा जास्त आला.

बाळे

वडिलांची १९७६ची फियाट होती. चारही चाकांना मिळून एकच लाइन, म्हणजे एका चाकाला गळती लागली की सगळेच ब्रेक गेले. मागच्या डाव्या टायरच्या आतल्या बाजूला ओला डाग दिसायचा. काका म्हणाले, ऑइल तर कमी झालंय, आणि त्यांनी बाटलीत चक्क इंजिन ऑइल ओतलं! सगळे रबर फुगले. चाकं धरून बसली ती सुटेचनात. गळत होता एक व्हील सिलेंडर (चाकातला ब्रेक दाबतो तो), बदलावे लागले चारही, शिवाय मास्टर आणि होज पाइप (चाकाकडे जाणारी रबरी नळी). ऑइल लागलेले लायनर (ब्रेकचे घासणारे पट्टे) धुऊन चालत नाहीत, तेही जोडीने नवे टाकले.

आसरा चौक

ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायची. तीन वेळा अलाइनमेंट केली, पैसे वाया. पुढचं उजवं चाक धरतच नव्हतं, त्याचा होज पाइप आतून सुजून बंद झाला होता. बाहेरून अगदी नवा दिसत होता.

गॅरेजवाला, एमआयडीसी

धागा काढलेल्या साहेबांसाठी. हवा काढल्यावर त्रास वाढला म्हणता ना, ते हवा काढण्यानेच. जुन्या गाडीत पॅडल रोज अर्ध्यापर्यंतच जातं. सिलेंडरमध्ये त्याच्या पुढे मळ आणि गंज बसलेला असतो. हवा काढताना पोरगं पॅडल पार तळापर्यंत मारतंय, कप त्या गंजावर घासला की काठ फाटतो. आधीच थकलेला कप, त्यात हे. आम्ही पॅडलखाली लाकडाचा तुकडा ठेवतो. दाबायचं सावकाश, निप्पल (चाकाजवळचा हवा सोडायचा स्क्रू) बंद केल्याशिवाय पाय उचलायचा नाही, आणि पारदर्शक नळीत बुडबुडा येतोय तोवर थांबायचं नाही. सहसा लांबच्या चाकापासून सुरुवात, पण काही गाड्यांना क्रम वेगळा आहे. मधेच बाटली रिकामी झाली तर पुन्हा पहिल्यापासून. आणि ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाणी मारा, रंग सोडतंय ते.

धागाकर्ता

गॅरेजवाले भाऊ, जुना सिलेंडर डिकीतच पडला होता. तुमचं वाचून आत्ता पिस्टन ओढून काढला आणि मोबाइलचा उजेड पाडला. मागचा भाग आरशासारखा, आणि पुढे बोटभर अंतरावर तपकिरी खरखरीत कडं, नख अडकतंय. कपाच्या काठाला तांदळाच्या कण्याएवढा तुकडा नाही. फोटो काढलाय, उद्या त्या पहिल्या गॅरेजवाल्याला दाखवतो.