बर्ट्रम चँडलर: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न: व्यापारी जहाजावर अधिकारी असलेले चँडलर विज्ञानकथेकडे कसे वळले? त्यांच्या कमांडर ग्राइम्स या अंतराळयान-अधिकाऱ्याची मालिका कोणत्या क्रमाने वाचावी?

– युद्धकाळात जहाज न्यूयॉर्कला लागलं की ते ‘अस्टाउंडिंग’ या अमेरिकन विज्ञानकथा-मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल यांना भेटत. कॅम्पबेलनीच लिहायला लावलं. पहिली कथा १९४४ची. १९५६मध्ये ऑस्ट्रेलियात गेले, पण बोट सोडली नाही. पुढे कप्तान झाले. म्हणून त्यांच्या कथांतल्या अंतराळयानांवर मालाची, पगाराची कटकट असते!

– प्रकाशनक्रमाने जाऊ नका, गोंधळ होईल. १९६४च्या कादंबरीत ग्राइम्स थेट कमोडोर, म्हणजे बराच वरच्या हुद्द्यावर. कोवळा अधिकारी असलेला ग्राइम्स भेटतो तो ‘द रोड टू द रिम’मध्ये, १९६७ला. तिथूनच घ्या.

– मालिकेबाहेरची ‘जायंट किलर’ ही कथा (१९४५) चुकवू नका. परीक्षणं मात्र आधी वाचू नका, गंमत फुटते.