ग्रँड कॅन्यन एका दिवसात धावत ओलांडून परत येणे : नियोजनाबाबत मार्गदर्शन हवे

प्रश्न : लांबपल्ला

नमस्कार. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात ॲरिझोनातील ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावरून उत्तर कड्यापर्यंत आणि तेथून परत, असे एकाच दिवसात धावण्याचा माझा विचार आहे. साउथ कैबाब पायवाटेने उतरायचे, नॉर्थ कैबाबने उत्तर कडा गाठायचा आणि परतताना ब्राइट एंजल पायवाटेने वर यायचे, असा साधारण ७० किलोमीटरचा मार्ग मी आखला आहे. डोंगरातील ५० किलोमीटरच्या शर्यती मी पूर्ण केल्या आहेत, त्यामुळे अंतराची फारशी धास्ती वाटत नाही. मात्र वाळवंटी हवेत धावण्याचा अनुभव नाही. किती वाजता निघावे, पाणी किती बाळगावे आणि माघारी फिरण्याचा निर्णय कोठे घ्यावा, हे समजून घ्यायचे आहे. सोबत एक मित्र असेल. उत्तर कड्यावर गाडी घेऊन येणारे कोणी नाही.

उत्तर : कडेकपारी

तुमच्या तीन प्रश्नांपैकी माघारीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो. डोंगरावर दमलेला माणूस मागे फिरला की त्याला उतार लागतो. येथे मात्र सगळा उतार सुरुवातीलाच संपतो आणि दमल्यावर चढ समोर येतो. साउथ कैबाबची सुरुवात सुमारे ७,२६० फुटांवर आहे, कोलोरॅडो नदी सुमारे २,४०० फुटांवर आहे आणि नॉर्थ कैबाबचे वरचे टोक ८,२४१ फुटांवर. म्हणजे दिवसभरात १०,००० फुटांहून अधिक चढायचे, आणि त्यातला निम्म्याहून थोडा कमी चढ अगदी अखेरीस, पन्नासेक किलोमीटर पायांखालून गेल्यानंतर.

नदीवरच्या पुलाशी पोहोचल्यावर बहुतेकांना अतिशय ताजेतवाने वाटते, त्यामुळे तेथे घेतलेल्या निर्णयावर मी विसंबणार नाही. निर्णयाची खरी जागा नॉर्थ कैबाबवरचे मॅन्झनिटा विश्रांतिस्थळ ही आहे. तेथून उत्तर कडा जेमतेम नऊ किलोमीटरवर असला तरी तेवढ्यात सुमारे ३,६०० फूट चढावे लागते. पहाटे चारला निघून सकाळी नऊपर्यंत मॅन्झनिटा गाठता आले नाही, तर तेथूनच परत फिरावे, असे मी सुचवेन. तरीही पन्नासहून अधिक किलोमीटर होतात आणि दरीचा सर्वांत देखणा भाग पाहून होतो. ही वेळ निघण्यापूर्वीच मित्राशी बोलून ठरवा. दमलेल्या अवस्थेत दोघांचे एकमत होणे कठीण असते.

उशीर झाल्यास परतीच्या वाटेवर ‘द बॉक्स’ भर दुपारी लागतो. दरीच्या तळाशी असलेल्या फँटम रँच या निवासस्थानाच्या वरच्या बाजूचा हा अरुंद भाग आहे. दोन्ही बाजूंच्या काळपट खडकांच्या भिंती उन्हात तापतात आणि ती धग सावलीतही जाणवते. कड्यापेक्षा तळाशी ११ ते १६ अंश सेल्सियस जास्त तापमान असते, त्यामुळे ऑक्टोबरच्या सुरुवातीलाही पारा तिशीच्या पुढे जाणे नेहमीचेच. येथे ब्राइट एंजल ओढा सोबत वाहत असतो. टोपी आणि सदरा त्यात भिजवून अंगावर घालावा, कोरड्या हवेत त्याने लगेच गारवा येतो. कोलोरॅडो नदीत मात्र उतरू नका. पाणी अतिशय थंड असते आणि ओढ जबरदस्त असते.

उत्तर : रानझरा

पाण्याबाबत थोडी भर घालते. साउथ कैबाबवर पाणी अजिबात नाही आणि सावलीही नावापुरतीच आहे. पुढचे नळ उत्तर कड्याखालच्या रोअरिंग स्प्रिंग्ज या झऱ्यांपासून दरी ओलांडून येणाऱ्या जलवाहिनीवर चालतात. ही वाहिनी १९६०च्या दशकातली असून वारंवार फुटते; शिवाय थंडीच्या चाहुलीबरोबर नॉर्थ कैबाबवरचे नळ बंद केले जातात. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर कोणता नळ चालू आहे ते पाहावे, दोन ते तीन लिटर वाहून नेण्याची सोय ठेवावी आणि ओढ्याचे पाणी पिता यावे म्हणून पाणी शुद्ध करणारी गाळणी जवळ बाळगावी.

नुसते पाणी पीत राहणेही धोक्याचे आहे. घामावाटे मीठ जाते, वर साधे पाणी भरपूर प्यायल्याने रक्तातील सोडियम उतरते आणि मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे दिसू लागतात. ती उष्माघातासारखीच भासत असल्याने सोबत्याला आणखी पाणी पाजले जाते आणि प्रकृती अधिकच बिघडते. तहान लागेल तसे प्या आणि त्याबरोबर खारट काहीतरी खात राहा.

उत्तर : दिशादर्शक

काही व्यावहारिक बाबी. साउथ कैबाबच्या सुरुवातीपर्यंत खासगी गाडी नेता येत नाही, त्यामुळे शटल बसची पहिली फेरी किती वाजता आहे ते पाहूनच चारची वेळ पक्की करा. दोघांनी एका दिवसात जाऊन येण्यासाठी बॅककंट्री परवाना लागत नाही. दरीत मुक्काम करायचा असेल तर लागतो. खेचरांचा तांडा आला की धावणे थांबवून त्यांच्या चालकाच्या सूचनेप्रमाणे बाजूला उभे राहावे.

जुलै २०२५च्या ड्रॅगन ब्राव्हो वणव्यात उत्तर कड्यावरील ग्रँड कॅन्यन लॉज जळाले. तेथे खाणे किंवा निवारा मिळेल असे गृहीत धरू नका आणि नॉर्थ कैबाब खुली आहे का, हे आधी तपासा. उत्तर कड्यावरून दक्षिण कड्यावर गाडीने परतायचे म्हटले तरी रस्ता सुमारे ३४० किलोमीटरचा आहे. भ्रमणध्वनीला बहुतेक ठिकाणी संपर्क मिळत नाही, म्हणून उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे यंत्र बाळगावे.

लांबपल्ला

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मॅन्झनिटाची नऊची वेळ आम्ही दोघांनी मान्य केली आहे. परतताना साउथ कैबाबनेच वर आलो तर चार-एक किलोमीटर वाचतात. ते योग्य ठरेल का?

कडेकपारी

नाही, ब्राइट एंजलच ठेवा. साउथ कैबाबचा चढ अधिक खडा आणि पूर्ण कोरडा आहे. ब्राइट एंजलवर हवासुपाई गार्डन्स येथे पाणी आणि झाडांची सावली मिळते. जुन्या नकाशांत ही जागा इंडियन गार्डन म्हणून दाखवलेली असते. तेथून कड्यापर्यंत अजून ३,००० फूट चढ उरतो आणि तोवर अंधार पडलेला असू शकतो, तेव्हा तेथे थांबून पोटभर खा, हेडलॅम्पची बॅटरी बदला आणि उबदार जाकीट हाताशी येईल असे पिशवीत वर ठेवा.