मदत हवी आहे: नाशिकच्या उन्हाळ्यात वाईन घरी कशी ठेवायची? आणि बंगळुरातल्या सहा बाटल्यांचं काय करू?

कुंदाप्रेमी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आधी थोडी माहिती देते, नाहीतर पहिल्याच प्रतिसादात "पण तुम्ही मूळच्या कुठल्या?" येईल. मी बेळगावची. लग्नानंतर अकरा वर्षं बंगळुरात काढली. नवऱ्याला अंबडला नोकरी लागली आणि फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही नाशिकला आलो. गंगापूर रोडला भाड्याचा फ्लॅट, पाचवा म्हणजे सगळ्यात वरचा मजला. जन्मभर घरात मराठी बोलून महाराष्ट्रात राहायला मी आत्ता पहिल्यांदा आलेय. शेजारच्या काकू "मराठी छान बोलता हो तुम्ही" म्हणाल्या तेव्हा काय उत्तर द्यावं कळेना.

असो. प्रश्न वाईनचा आहे.

शनिवारी रात्री जेवताना आम्ही दोघं एकेक ग्लास घेतो. फार तर दीड. बंगळुरात असताना नंदी हिल्सकडे भटकायला जायचो, तिथे दोड्डबळ्ळापूरला ग्रोव्हरची द्राक्षबाग आहे, तिथून ही आवड लागली. त्यांची ला रिझर्व्ह, म्हणजे कॅबर्ने सोविन्यों आणि शिराझ या दोन जातींची काळी द्राक्षं एकत्र करून केलेली रेड, ही माझी लाडकी. दुसरी आवडती तिकडच्याच एका छोट्या वायनरीची सोविन्यों ब्लां, ही पांढरी. कैरीची फोड मीठ न लावता चावली की दात जसे आंबतात ना, तशी. ती इथे चार दुकानांत विचारली, कुणी नावही ऐकलेलं नाही.

आता मूळ दुखणं. सामान बांधताना दोन बाटल्या गाद्यांच्या गुंडाळीत राहून गेल्या आणि ट्रकमधून इथवर आल्या. मी त्या माळ्यावर टाकल्या. बंगळुरातही माळ्यावरच असायच्या, कधी काही झालं नव्हतं. गेल्या शनिवारी एक काढली. वरचं वेष्टण सोललं तर बूच तांदळाच्या दाण्याएवढं वर सरकलेलं आणि मानेवर काळपट जांभळा चिकट ओघळ. वास मोरावळा जास्त आटल्यासारखा. नवरा म्हणाला, पिऊन बघू. एक घोट घेतला आणि न बोलता सिंककडे गेला.

दुसरी उघडायचं धाडस झालेलं नाही. तीही गेली असेल का?

आणि उरलेल्या सहा बाटल्या बंगळुरात माझ्या जाऊबाईंकडे आहेत. मे अखेर आम्ही गाडीने जाणार आहोत, येताना डिकीत टाकून आणल्या तर चालतील का? वाईनसाठी वेगळा फ्रिज घ्यायची ऐपतही नाही आणि जागाही नाही. सासूबाई आमच्याबरोबर राहतात, जळगावच्या आहेत. त्यांना सगळं माहीत आहे, बोलत काही नाहीत, पण फ्रिजच्या दारात बाटली उभी दिसली की दार जरा जोरात लागतं.

तिकडच्या वाईनच्या जवळपास जाणारं इथलं काही असेल तर तेही सुचवा. सुट्टीच्या दिवशी रांगा लावून सेल्फी काढायला जायचं नाहीये, प्यायची आहे.

कॉलेज रोड

सगळ्यात वरचा मजला, वर तापलेला स्लॅब, आणि त्याला चिकटलेला माळा. ताई, तुम्ही वाईन ठेवली नाहीत, बेदाणे घातलेत.

बंगळूर साधारण नऊशे मीटरवर, नाशिक सहाशेच्या आसपास. तिकडे एप्रिलमध्ये पारा चौतीस-पस्तीसला गेला की लोक ओरडतात, इथे चाळीसला टेकतो. माळ्यावर त्याहून जास्त. वाईनला बारा ते पंधरा अंश मानवतात, वीस-बावीसपर्यंत ती काही महिने कुरकुर न करता राहते. त्याच्या वर दिवसेंदिवस राहिली की आतल्या आत शिजते. त्यात दुपारी तापून फुगायचं, पहाटे थंड होऊन आकसायचं, असं रोज चाललं की आधी बूच वर ढकललं जातं आणि मग तिथूनच हवा आत जाते. तुमचा ओघळ म्हणजे तेच.

दुसरी बाटली उजेडात धरून बघा. रेडचा रंग कडेला विटकरी झाला असेल किंवा बूच वर आलं असेल तर आशा सोडा. पण फेकू नका, मटणाच्या रश्श्यात कपभर घाला.

कुंदाप्रेमी

बूच वर आलंय. 😐 रश्श्याचं बघते. पण आमच्या घरात मटण मी करत नाही, सासूबाई करतात, आणि त्यात मी वाईन ओतायची म्हणजे...

कागलमार्गे

त्या सहा बाटल्या आणू नका. सरळ सांगतो, मी या भानगडीत एकदा सापडलोय.

परराज्यातली दारू महाराष्ट्रात आणायला राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी लागते. कायदा १९४९ चा, मुंबई दारूबंदी अधिनियम. आता नावात महाराष्ट्र आलंय, दात तेच आहेत. "वाईन आहे हो, दारू कुठे" हे रस्त्यावर ऐकून घेत नाहीत. बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत बघा, कोणत्या राज्यात विकायची ते छापलेलं असतं. कर आणि शुल्क प्रत्येक राज्य आपापलं घेतं, त्यामुळे तुमच्याकडे बंगळूरच्या दुकानाची पावती असली तरी ती इथे तुमच्या बाजूने बोलत नाही. माझ्या चार बाटल्या होत्या, घरच्या लग्नासाठी. तीन तास उन्हात बसलो, मुलगी रडून रडून झोपली. वाईन गेली ती गेलीच.

तुम्ही ट्रकमधून आणलेल्या दोन बाटल्यांचा उल्लेखही इथून काढून टाका.

ती छोटी वायनरी इथे का मिळत नाही, त्याचंही कारण यातच आहे. प्रत्येक राज्यात आपलं लेबल वेगळं नोंदवावं लागतं, त्याची फी भरावी लागते. वर्षाला मोजक्या बाटल्या काढणाऱ्याला दहा राज्यांत ते परवडत नाही. म्हणून मेमध्ये जाल तेव्हा जाऊबाईंबरोबर बसून त्या तिथेच संपवा. सहा बाटल्या आहेत, आठवडाभर राहा.

रामकुंड

लोक गोदावरीच्या काठी कशाला येतात आणि यांचे प्रश्न काय. चालू द्या.

गोडी छाटणी

रामकुंडवाले, आमच्या बागेला पाणी गोदेचंच आहे. द्राक्षं काय हवेवर येतात?

कुंदाप्रेमी ताई, मी दिंडोरी तालुक्यातला, बागायतदार. पाच एकर थॉमसन, म्हणजे खाण्याची बिनबियांची द्राक्षं, आणि दीड एकर वाईनची शिराझ. वायनरीशी करार आहे. तुमच्या प्रश्नाला शेतकऱ्याचं उत्तर देतो, त्यात खर्च नाही.

फ्रिजचा खालचा भाजीचा ट्रे. फ्रिजमध्ये वरपेक्षा तिथे थंडी कमी आणि ओल जास्त. बूचवाली बाटली आडवी ठेवा, म्हणजे बूच भिजलेलं राहतं आणि वाळून आकसत नाही. फिरकीचं झाकण असेल तर उभी ठेवली काय, आडवी ठेवली काय, सारखंच. आता इथल्या बऱ्याच वाईन फिरकीच्या झाकणात येतात, त्या हलक्या असतात असं समजू नका. ट्रेमध्ये दोन-तीन बाटल्या मावतात. तेवढ्याच आणायच्या. वाईननगरीत राहायचा फायदा काय मग? दुकान दहा मिनिटांवर आहे, साठा करायचाच कशाला? मात्र दुकानदाराने बाटली काचेच्या शोकेसमध्ये उन्हाला मांडली असेल तर ती घेऊ नका, आतली मागा.

फ्रिजमध्ये जागाच नसेल तर द्राक्षाची पुठ्ठ्याची पेटी घ्या, आत थर्माकोल, आणि घरातल्या उत्तरेच्या भिंतीला जमिनीलगत ठेवा. पलंगाखाली चालेल. माळा, गॅसजवळचं कपाट आणि फ्रिजच्या डोक्यावर, या तीन जागी कधीच नाही.

रेड पिताना अर्धा तास आधी फ्रिजमध्ये. "रेड रूम टेंपरेचरला प्यायची" हे थंड मुलखातल्या खोलीसाठी आहे, आपल्या मे महिन्यातल्या खोलीसाठी नाही. कोमट शिराझ म्हणजे नुसता अल्कोहोल नाकात जातो.

आणि बाग बघायची तर आत्ता येऊ नका, आता खरड छाटणी चालू आहे, नुसते खुंट दिसतील. आपल्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड, त्यावर काडी तयार होते. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, तिच्यावर फळ. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींमुळे आंबटपणा टिकतो, आणि जानेवारी ते मार्च तोडणी. फेब्रुवारीत या, वाईनचा मणी तोंडात टाकून बघा. बारीक, जाड सालीचा, आत बिया, आणि गोडीला थॉमसनच्या पुढे. लोकांना वाटतं वाईनला टाकाऊ द्राक्षं जातात. उलट आहे, घड कमी ठेवावे लागतात.

२००१ साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूरला वाईन पार्क झालं, तेव्हा आमच्या गावात चौघांनी खाण्याची द्राक्षं काढून वाईनची लावली. पुढे वायनऱ्यांनी माल उचलायला मागेपुढे केलं तेव्हा दोघांनी उपटून परत थॉमसन केली. मी दीड एकर ठेवली. हट्ट म्हणा.

कॉलेज रोड

+१, भाजीचा ट्रे.

चवीचं सांगायचं तर, ला रिझर्व्ह इथे शोधा, ती कर्नाटकाबाहेरही विकली जाते. शिवाय ग्रोव्हर आणि इथली व्हॅले द व्हँ २०१२ मध्ये एकत्र आल्या, तीच ग्रोव्हर झाम्पा. त्यांची दुसरी वायनरी इगतपुरी तालुक्यात सांजेगावला आहे. म्हणजे तुमचं माहेर तासाभरावर आहे असं समजा. त्याच जातीचं इथलं हवं असेल तर यॉर्कची अ‍ॅरोस बघा, तीही शिराझ आणि कॅबर्नेची. सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ बहुतेक दुकानांत सापडते, तिच्यात ओकच्या लाकडी पिंपाचा धुरकट वास जरा पुढे असतो. मुकणे धरणाच्या बाजूला कवनईला व्हॅलोन ही वायनरी आहे, तिथली माल्बेक ही रेड मला सगळ्यांत आवडते, शिवाय रविवारची जत्रा गंगापूर धरणाकडे वळते, कवनईला कमी.

तुमच्या सोविन्यों ब्लांला मात्र जुळी बहीण मिळणार नाही. इथली कैरीपेक्षा ढोबळी मिरचीकडे झुकते. सुलाने सुरुवातीला लावलेल्या जातींत तीच होती, शेनिन ब्लांबरोबर. २००० साली त्यांच्या वाईन बाजारात आल्या तेव्हा नाशिककरांनी पांढरी वाईन पहिल्यांदा पाहिली असं म्हणायला हरकत नाही. तुलना न करता प्या, महिनाभराने आवडायला लागेल.

स्टीलचा पेला

मिसळीबरोबर कोणती चालेल? पाहुणे येणार आहेत, "नाशिक स्पेशल" काहीतरी करायचंय.

कॉलेज रोड

मिसळीबरोबर ताक.

गोडी छाटणी

शेनिन ब्लां चालते हो, थंडगार आणि थोडी गोडसर. तिखटावर रेड नको एवढंच, तिचा तुरटपणा आणि आपली तर्री एकमेकांना भडकवतात.

कॉलेज रोड

चालते म्हणजे मिसळ वाईट झाली असेल तर चालते.

कुंदाप्रेमी

सर्वांचे आभार, आणि उशिराबद्दल माफी. दोन आठवड्यांचा हिशेब देते.

सहा बाटल्यांचा विषय संपला. जाऊबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, "मग मी वाट कशाला बघू?" त्यामुळे मेपर्यंत किती उरतील सांगता येत नाही.

गेल्या गुरुवारी मुद्दाम सुट्टी काढून कवनईला गेलो. मुकणेचं पाणी आटलं होतं, मधे बगळे उभे. चार वाईन चाखल्या, माल्बेक घेतली. येताना बाटली मागच्या सीटखाली, ओल्या टॉवेलात गुंडाळून. घरी येऊन भाजीच्या ट्रेमध्ये आडवी, वर मेथीची जुडी. लपवायचा हेतू नव्हता असं म्हटलं तर खोटं होईल.

शनिवारी सासूबाईंनी वांगी आणली होती. त्यांचं खानदेशी भरीत, वांगी गॅसवर नाही, खाली अंगणात काटक्यांवर भाजलेली, वॉचमनला मदतीला घेऊन. सोबत कळण्याची भाकरी. गोडी छाटणी म्हणतात तसं रेड अर्धा तास गार करून घेतली. त्या धुराच्या वासावर ती माल्बेक अशी बसली की नवऱ्याने दुसऱ्यांदा भरीत मागितलं, जो एरवी वांग्याला हात लावत नाही. मिरची बेताची होती, हेही खरं.

अर्धी बाटली उरली. बूच परत दाबून बसवलं, फ्रिजमध्ये ठेवली, तीन-चार दिवसांत संपवायची असं वायनरीतल्या मुलीने सांगितलं होतं.

रविवारी सकाळी सासूबाई फ्रिजसमोर उभ्या. ट्रे बाहेर ओढलेला, एका हातात बाटली, एका हातात कोमेजलेली मेथी. मी चहा गाळता गाळता थांबले. त्या म्हणाल्या, "द्राक्षांचंच आहे ना हे? मग दारात ठेव सरळ. इथे माझी कोथिंबीर कुठे ठेवू मी?"

तर आता बाटली दारात आहे. दार हळू लागतं. पण गोडी छाटणी, दार दिवसातून पन्नासदा उघडतं, तिथे न उघडलेली बूचवाली बाटली किती दिवस टिकेल? की पलंगाखालची पेटीच करू?