शेंगेन व्हिसा: अर्ज एजंटकडे द्यावा की घरीच भरावा?

मुळाकाठ:
गेल्या महिन्यात आई-बाबांचा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा, नाकारला गेला. बेत साधा होता: पॅरिसला तीन रात्री, मग लुसर्न आणि इंटरलाकेन मिळून सहा. मुक्काम ज्या देशात जास्त, अर्ज त्याच देशाकडे करायचा असतो. म्हणजे स्वित्झर्लंडकडे. एजंटला तिथली अपॉइंटमेंट मिळेना, तर त्याने आम्हाला न विचारता पॅरिसच्या सात रात्रींचं हॉटेल बुकिंग जोडून अर्ज फ्रान्सकडे टाकला. मग ते बुकिंग रद्दही केलं. नकाराच्या छापील कागदावर खूण होती ती प्रवासाचा हेतू विश्वासार्ह वाटत नाही, अशा अर्थाच्या ओळीपुढे. माणशी ९० युरो गेले, ते परत मिळत नाहीत. पैशांचं मी विसरेन. पण बाबा चष्मा लावून तो कागद दोनदा वाचून म्हणाले, "आपण खोटं कुठे बोललो गं?" ते काही डोक्यातून जात नाही. माझं मत ठाम आहे, अर्ज स्वतःच भरा.

वाळवेकर:
ताई, वाईट झालं. पण एका नासक्या आंब्यापायी अख्खी अढी फेकू नका. माझी मुलगी म्युनिकला असते. मी शेतकरी, शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून रिटर्न कधी भरलेच नव्हते. पगाराची स्लिप कुठून आणू? आमच्या एजंटने सातबारा आणि आठ-अ इंग्रजीत करून घेतले, कारखान्याच्या ऊसबिलांच्या पावत्या बँकेच्या स्टेटमेंटशी तारखेवार जुळवून लावल्या, मुलीला सांगून तिथल्या सरकारी कार्यालयातून हमीपत्र मागवलं. व्हिसा झाला. हे मला एकट्याला सात जन्मांत जमलं नसतं. इंग्रजी येणाऱ्यांनी 'स्वतः भरा' म्हणणं सोपं आहे.

खिडकीची_सीट:
मुळाकाठ यांच्याशी सहमत. फॉर्म बँकेच्या केवायसीपेक्षा अवघड नाही. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण शंका आली तर पंचेचाळीसपर्यंत ताणतात, तेव्हा मे महिन्याच्या सहलीसाठी एप्रिलात जागे होऊ नका. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. आणि कृपा करून मेहुण्याकडून चार लाख घेऊन आदल्या आठवड्यात खात्यात टाकू नका. असे सल्ले एजंटच देतात, आणि अचानक आलेली रक्कम तपासणाऱ्याच्या पहिली डोळ्यांत भरते.

वाळवेकर:
माझ्या एजंटने उलट तेच करू नका म्हणून बजावलं होतं. सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

दुपारचा_चहा:
दोघांचंही ऐकलं, पण मुद्दा सहीचा आहे. अर्ज कोणीही भरो, खाली सही अर्जदाराची असते, आणि त्या सहीच्या वरच लिहिलेलं असतं की माहिती खरी आहे, खोटी निघाली तर अर्ज नाकारला जाईल. एजंट कुठेही सही करत नाही. शिवाय नकाराची नोंद शेंगेन देशांच्या सामायिक यंत्रणेत पाच वर्षं राहते. एजंटकडे माझ्या सासूबाईंकडून कोऱ्या फॉर्मवर सही घेत होते. मी तो हातातून काढून घेतला, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, सगळे असंच देतात."

मुळाकाठ:
कोऱ्या फॉर्मवरच सही घेतली होती आमच्याकडूनही. बाबांनी विश्वासाने केली. वाळवेकर काका, तुमच्या कागदांचं वाचून मी एक पाऊल मागे येते: ज्यांची मिळकत रिटर्नमध्ये दिसत नाही, त्यांना जाणकार हवाच. पण तुम्ही सही करण्याआधी भरलेला अर्ज पाहिला होतात का?

वाळवेकर:
हो. मुलीने व्हिडिओ कॉलवर ओळन् ओळ मराठीत वाचून दाखवली, दीड तास लागला. बायकोच्या पासपोर्टवरच्या जन्मगावात चूक सापडली ती तेव्हाच.

मुळाकाठ:
मग आमच्याकडून तेवढंच करायचं राहिलं, काका. नवा अर्ज स्वित्झर्लंडकडे करतेय, सहा रात्रींच्या खऱ्या बुकिंगसह, आधीचा नकार का आला ते पत्रात स्पष्ट लिहून. रविवारी बाबांना शेजारी बसवून भरणार आहे.