मदत हवी आहे: गावाच्या इतिहासासाठी विकिपीडियावर कितपत विसंबावं?

नमस्कार मंडळी,

मी यावल तालुक्यात आठवी-नववीला इतिहास शिकवतो. यंदा मुलं 'आपला तालुका' या विषयावर हस्तलिखित काढताहेत. फैजपूर आमच्याच तालुक्यातलं, तेव्हा काँग्रेसचं अधिवेशन हा मुख्य लेख. मुलांनी मोबाइलवरून माहिती जमवली, तर साल एकीकडे १९३६, दुसरीकडे १९३७. ते लगेच निस्तरलं, कारण अध्यक्ष नेहरूंच्या भाषणाची तारीख छापील आहे: २७ डिसेंबर १९३६.

खरी पंचाईत लहान गावांची. जवळच्या एका गावाच्या विकिपीडियावरच्या पानावर तिथली गढी 'फारुकी काळातली', म्हणजे खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या वेळची, असल्याचं लिहिलंय आणि खाली एका वर्तमानपत्राच्या पुरवणीचा संदर्भ. मुलं खूश. मी 'इतिहास पहा'वर टिचकी मारून जुन्या आवृत्त्या उघडल्या. ते वाक्य पुरवणी निघायच्या बरंच आधीपासून तिथे होतं, बिनसंदर्भाचं. लिहिणाऱ्याचं नाव नाही, नुसता आयपी पत्ता. पुरवणीतली वाक्यरचना जवळजवळ तीच! म्हणजे लेखकाने पानावरून उचललं असावं आणि पुढे कुणीतरी तोच लेख पुरावा म्हणून पानाला जोडला. संपादकांनी मजकुरावर बोलायचं चर्चा पान कोरं.

आमचे एक सर 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाच्या २००५च्या तुलनेचा दाखला देतात. त्यात विकिपीडियावर लेखामागे सरासरी चार चुका निघाल्या, ब्रिटानिका या ज्ञानकोशात तीन. पण ते ४२ लेख इंग्रजीतले, विज्ञानाचे; त्यांच्यावर कितीतरी जाणकारांची नजर असते. आमच्या गावाच्या पानाकडे वर्षानुवर्षं कुणी फिरकत नाही. तो हिशेब इथे कसा लागू होईल? उलट 'कुणीही लिहितं, म्हणजे सगळं खोटं' हेही मला पटत नाही. कोणी काय कधी लिहिलं हे उघडं असल्यामुळेच तर ही गोष्ट सापडली. छापील पुरवणीत ती सोय कुठली?

१८८०चं खानदेश गॅझेटियर चाळलं, त्यात या गढीबद्दल काही मिळालं नाही. अर्थात तेवढ्यावरून गढी नंतरची ठरत नाही. फारुकींची सत्ता १६०१मध्ये अकबराने असीरगड घेतला तेव्हा संपली. त्यानंतरही आपल्याकडे गढ्या बांधल्या गेल्याच.

जाणकारांनी कृपया सांगावं: अशा गढीचा काळ ठरवायला कोणते कागद पाहावेत? धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात यावल-रावेर भागाची दप्तरं कुणी पाहिली आहेत का? मोडी वाचून देणारं कुणी जळगाव-भुसावळकडे असेल तर मी कागदांच्या प्रती घेऊन येईन.

आणि पानावरच्या त्या वाक्याचं काय करावं? नववीतली एक मुलगी म्हणते, सरळ काढून टाकू. मला वाटतं, पुरवणीचा संदर्भ काढून 'संदर्भ हवा' ही खूण लावावी आणि कारण चर्चा पानावर लिहावं. तिथे नियमित संपादन करणाऱ्यांना हे योग्य वाटतं का? हस्तलिखितात तूर्त 'गावकरी गढी जुनी असल्याचं सांगतात' एवढंच ठेवलंय. दिवाळीच्या सुट्टीआधी पानं बांधायची आहेत.